अप्पांचं दुसरं जातं

मन्मथअप्पांच्या मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा नेहमी गव्हाभर आखूड असे. याचं कारण मिशीत नव्हतं, न्हाव्यात होतं. न्हावी दोन होते. एकाच वेळी, एकाच पाटावर बसलेल्या अप्पांना ते दोन बाजूंनी भादरत. दोघांचं आपसांत पटत नव्हतं. मधली हद्द कुठे धरायची यावरून दर खेपेला वाद होई आणि तो अप्पांच्या नाकाखाली मिटवला जाई.

पूर्वी अप्पांनाही चार माणसांसारखा एकच न्हावी होता. एका बाजारच्या दिवशी त्यांची अर्धी दाढी झाली आणि तहसिलीतून चपराशी आला. साहेबांना दाढी करायची होती. निजामाच्या राज्यात साहेबाची दाढी थांबत नसे. न्हावी धोपटी उचलून गेला, तो दिवस मावळला तरी परत आला नाही. अप्पा एक गाल काळा आणि एक गाल गुळगुळीत घेऊन अख्खा बाजार फिरले. भेटेल त्याला सांगत राहिले, "एकावर भिस्त ठेवली, आता भोगायलोय." तेव्हापासून "एकावर भिस्त न्हाई" हे वाक्य त्यांच्या तोंडात जे बसलं ते कायमचं.

सेलूला आमच्या आणि त्यांच्या घराला मधली भिंत एकच होती. याचंही अप्पांना वाईट वाटे.

विहिरीवर जाताना ते दोन दोर नेत आणि दोन्ही एकाच घागरीला बांधत. दोर एकमेकांत गुंतत, आणि ते सोडवण्यात बाकीच्यांची निम्मी सकाळ जाई. ताप आला की वैद्याचा काढा घेत आणि वर हकिमाचं औषधही घेत. दोन्ही औषधं पोटात जाऊन भांडत आणि अप्पा तांब्या घेऊन पळत. विभूतीच्या पिशव्या दोन, छत्र्या दोन, अडकित्ते दोन. गळ्यातलं लिंग मात्र एकच. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "अप्पा, देवाचं काय?" अप्पांनी कानाला हात लावला. "देवाची गोष्ट येगळी," म्हणाले.

त्यांची आई आणि थोरला भाऊ पिंगळीला राहत. तिकडे जायला रेल्वे होती, पिंगळीला स्टेशनही होतं. तरी अप्पा एक बैलगाडी सांगून ठेवत. रेल्वे नाही आली तर असावी म्हणून. एकदा रेल्वे वेळेवर आली आणि बैलगाडीचा पत्ता नाही. अप्पा डब्यात बसले, पण त्यांना चैन पडेना. गाडीवानाचं काय झालं असेल, या काळजीने रेल्वे हलता हलता ते खाली उतरले. मागाहून बैलगाडी आली. तिच्यात बसून ते पिंगळीला पोचले तेव्हा पुतण्याचं बारसं उरकून पाहुणे परत निघाले होते. अप्पा मात्र खूष. "गाडी सांगून ठिवली व्हती मनून पोचलो तरी," म्हणाले.

बाजारात त्यांचं बारदानाचं दुकान होतं. बारदान म्हणजे तागाची पोती आणि सुतळी. सेलू कापसाचं आणि धान्याचं गाव, पोत्यावाचून तिथे कुणाचं पान हलत नसे, आणि बारदानाचं दुकान गावात हे एवढं एकच. सगळे अडते, सगळे जिनवाले एकट्या अप्पांच्या तोंडाकडे पाहत. या एका बाबतीत मात्र गावात दुसरं दुकान निघावं असं अप्पांना कधी वाटलं नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "वैनी, मी कुठं पळून चाललोय?"

माझी पद्धत त्यांच्या अगदी उलट. मला मोठं घर चालवायचं होतं, माझ्याकडे असल्या खेळाला वेळ नव्हता. एक दुकान धरायचं, वर्षाचं सामान एकदम भरायचं, डबे फळीवर ओळीने लावायचे आणि कोणता डबा कधी तळाला जातो ते ध्यानात ठेवायचं. माझं दुकान करीममियाँचं. अप्पांची दुकानं तीन: करीममियाँ, मोहनशेठ आणि व्यंकय्या. गूळ लागला तर पावशेर इथून, पावशेर तिथून, पावशेर तिसरीकडून. मीठसुद्धा तीन पुड्यांतून घरी येई.

भिंतीला खेटून आमचे दोन्ही ओटे होते. तिथे आमचं यावरून नेहमी जुंपे.

"वैनी, करीममियाँ उद्या हजला गेला तर?"

"जाऊ दे की. माझे डबे भरलेले आहेत."

"डब्यात उंदीर शिरला तर?"

"तुमच्या तीन पुड्यांत तीन उंदीर शिरतील."

त्यावर ते आत तोंड करून ओरडत, "आईकायलीस का? वैनीला पटंना." आतून त्यांची बायको, शिवकांताबाई, म्हणत, "मला तरी कुठं पटतंय."

शिवकांताबाई म्हणजे लहान चणीची, कमी बोलणारी बाई. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साहजिकच पिंगळीच्या सासूने दुसरी सून शोधायला घेतली. गल्लीलाही मजा वाटली. ज्या माणसाला अडकित्तासुद्धा एक पुरत नाही त्याच्या घरात बायको मात्र एक, ही गोष्ट लोकांना सहन होत नव्हती. मोहनशेठ तर भर बाजारात विचारत, "काय अप्पा, इथं बरी एकीवर भिस्त ठेवली?" अप्पा बारदान झटकायला लागत. धूळ इतकी उडे की मोहनशेठ आपोआप पुढे सरकत.

शेवटी सासूने झरीची एक मुलगी ठरवली. घरात काम फार, एकट्या बाईला ओढत नाही, दुसरी आली म्हणजे हिलाही हातभार होईल, असं तिने शिवकांताबाईंच्या तोंडावर सांगितलं. शिवकांताबाईंनी मान हलवली. अप्पा मुलगी पाहायला झरीला गेले. नवं धोतर, दोन्ही छत्र्या. तिसऱ्या प्रहरी बैलगाडी परत आली तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर उभी होती. गाडीत मुलगी नव्हती, मुलीचा बाप नव्हता. गाडीत जातं होतं. वाटेत पाथरवटांचा तळ पडला होता, तिथे चांगला दगड दिसला म्हणून अप्पा उतरले होते, आणि मग झरीला जायचं राहूनच गेलं.

"घरात जातं हाय की, अप्पा," आमचे हे म्हणाले.

"त्याचा दगड गुळगुळीत झाला, टाकी लावायची झाली तर? एका जात्यावर भिस्त ठिवावी का मानसानं?"

बायको पाहायला गेला आणि जातं घेऊन आला, ही गोष्ट सेलूत पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली. मीही सांगितली. माहेरी गेले की ती सांगितल्याशिवाय मला कुणी जेवायला वाढत नसे. पिंगळीची आई दोन वर्षं लेकाशी बोलली नाही. शिवकांताबाईंना आता एक नवरा आणि दोन जाती झाली. एका बाईने दोन जात्यांचं काय करावं हे अप्पांना विचारण्यात अर्थ नव्हता.

पुढे स्टेशनजवळ विंजिनाची पिठाची गिरणी निघाली. सगळा गाव तिकडे लोटला, मीही पहिल्याच आठवड्यात आमचं जातं कोपऱ्यात सरकवलं. अप्पांनी एक पायली दळण पाठवलं नाही. "आख्ख्या गावाची भाकर एका विंजिनावर? लय भारी अक्कल." त्यांच्याकडे जुन्या चालीवर पहाटे जातं फिरे. आणि भिंतीला कान न लावताही कळे, की एक नव्हे, दोन फिरतात. मी शिवकांताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येती एक बाई दळायला." ती बाई मी कधी पाहिली नाही. अप्पांसारखा माणूस दळायला बाई लावतो याचं मला नवल वाटलं, पण ज्याने न्हावी दोन लावले तो काहीही करील, असं म्हणून मी तो विषय सोडला.

मग ती मोठी लढाई आली. आधी ती फक्त स्टेशनमास्तरांच्या वर्तमानपत्रात होती, मग घासलेटात आली, मग काड्यापेटीत. विंजिनाला तेल मिळेना, गिरणी बंद पडली. गाव पुन्हा जात्यावर आला. अप्पांना असं बाळसं चढलं की विचारू नये. तीन दुकानांतून तीन बाटल्या घासलेट आणून ते संध्याकाळी ओट्यावर कंदील लावून बसत, आणि अंधारात बसलेल्या आम्हाला व्याख्यान देत.

"मी काय म्हणत हुतो, वैनी?"

"एकावर भिस्त नाही."

"जोरात म्हना. मोहनशेठला आईकू जाऊ द्या."

ह्यांनी तर त्यांना तोंडावर सांगितलं, अप्पा, लढाई तुम्हीच लावली असं लोक म्हणायला लागलेत. अप्पांनी त्याचा राग मानला नाही. उलट ही शक्यता त्यांना आवडल्यासारखी दिसली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास गावात हिवताप पसरला. दर वर्षीच येई. एक दिवसाआड थंडी वाजून ताप भरे, त्यावर कोयनेलची कडू पूड घ्यायची, तोंड वाकडं करायचं आणि कामाला लागायचं. कोयनेल किराणा दुकानातही मिळे. त्या वर्षी शिवकांताबाईंना ताप आला. तापाच्या पहिल्या दोन पाळ्यांना अप्पा निश्चिंत होते. वैद्याचा काढा होता, हकिमाचं औषध होतं, आणि कोयनेल आणायला दुकानं तीन होती.

तिन्ही दुकानांत कोयनेल नव्हतं. अप्पा सरकारी दवाखान्यात गेले. तिथेही बाटली रिकामी. कंपौंडर शिकलेला मुलगा होता. त्याने सांगितलं, की हे औषध एका झाडाच्या सालीचं करतात, ती झाडं जावा नावाच्या एका बेटावर आहेत, सगळ्या जगाला कोयनेल तिथून जातं, आणि ते बेट आता जपानने घेतलं आहे.

"दुसरीकडं झाडं न्हाईत?"

"थोडीफार आहेत. त्यांनी जगाचं भागत नाही."

"म्हंजे इंग्रज, निजाम, सगळे दवाखाने, सगळी दुनिया," अप्पा म्हणाले, "एका बेटावर भिस्त ठेवून बसली?"

"असंच म्हणायचं."

अप्पा बाकावर बसले. "आन् ह्यांच्या हाती राज्यं देलीत," एवढंच म्हणाले. कंपौंडर सांगे, की आपण त्या बेटाचे मालक असल्यासारखे ते आपल्याकडे पाहत होते.

पण अप्पांची खरी फजिती याहून घरगुती होती. तिन्ही दुकानदारांकडे थोडं थोडं कोयनेल होतं. फळीवर नव्हतं, आत होतं. अडचणीच्या दिवसांत दुकानदार शेवटचा माल आपल्या कायमच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, एकट्या अप्पांना नव्हतं, कारण ते कुणाचेच कायमचे गिऱ्हाईक नव्हते. मोहनशेठनी त्यांना ऐकवलं, "अप्पा, तुमी माझ्याकडनं पावशेर गूळ घेता आन् मला दाखवून बाकीचा व्यंकय्याकडं घ्यायला जाता. आता कोयनेल बी त्याच्याकडंच घ्या." व्यंकय्याने करीममियाँकडे पाठवलं. करीममियाँ सरळ माणूस. तो म्हणाला, "हाय एक शीशी. झूट कायको बोलू? लेकिन ती वैनीची हाय. बारदान घ्यायला आमी तिघं बी तुमच्याच दारात येतो, अप्पा, दुसरीकडं जातो का? तुमी आमच्या दारात आलेच कधी, नुसते फिरत ऱ्हायले."

संध्याकाळी अप्पा आमच्या ओट्याखाली येऊन उभे राहिले. न्हावी दोन्ही तापाने पडले होते, त्यामुळे अप्पांचे दोन्ही गाल पहिल्यांदाच सारखे दिसत होते.

"वैनी, एक काम हुतं."

"बोला."

"करीममियाँ तुमचं आईकतो."

"बारा महिने त्याच्याकडून सामान भरते. माझं नाही ऐकणार तर कुणाचं?"

एरवी ते यावर उंदीर, हज, काहीतरी काढते. त्यांनी नुसती मान हलवली. "बरूबर हाय. तुमचंच बरूबर हाय. पन ती लय थरथरायलीय, वैनी. उद्या पुन्हा पाळी हाय. कंपौंडर म्हनला, थंडी भरायच्या आत कोयनेल पोटात गेलं पायजे. आंगात आता काई ऱ्हायलं न्हाई तिच्या."

मी पदर घेतला आणि करीममियाँकडे गेले. त्याने पेटीच्या तळातून शीशी काढली. "भाभी, हे संपलं की मेरे पास दुसरं न्हाई," म्हणाला. "कुणासाठी नेताय ते मला ठाव हाय. घरात लेकरं हाईत तुमच्या, ध्यानात ठेवा."

ते माझ्या ध्यानात होतंच. घरी येऊन मी निम्मी पूड आमच्यासाठी दुसऱ्या शीशीत काढली, तिचं बूच घट्ट लावलं आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवली. उरलेली निम्मी शिवकांताबाईंची. थंडी सकाळी भरते, तेव्हा पहाटेच जाऊन द्यायची असं ठरवलं.

पहाटे उठले तर भिंतीपलीकडून जात्याचा आवाज येत होता. त्या आजारी पडल्यापासून तो रोज येतच होता, फक्त दोनांचा एक झाला होता. ती दळणारी बाई इमानी दिसते, असं माझ्या मनात दोनचार वेळा आलं होतं. गिरणी बंद पडल्यापासून दळून दळून माझे हात भरून येत. अशी कुणी मलाही मिळाली तर पाहावं, म्हणून त्या बाईला गाठायचंच असं ठरवून मी शीशी घेतली आणि परसदाराने आत शिरले.

माजघरात दिवा होता. खाटेवर वाकळेत गुरफटून शिवकांताबाई पडल्या होत्या. खाली दोन जाती शेजारी शेजारी मांडलेली. एक नुसतं होतं. दुसऱ्याशी धोतराचा काचा खोवून, एक पाय लांब करून, सुपातली ज्वारी मूठमूठ टाकत अप्पा दळत होते. मिशीच्या दोन्ही बाजू पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. हात इतका सवयीचा पडत होता की हे चार दिवसांचं शिक्षण नव्हे, हे कुणालाही कळलं असतं.

"जाडं पडायलंय," खाटेवरून शिवकांताबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "मूठ लहान घ्या."

"लहानच घ्यायलोय."

"न्हाई घेत. आवाजावरून कळतंय मला."

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. अप्पांनी खुंटा सोडला. ते उठले नाहीत. गडी माणूस जात्यावर दिसला तर गल्लीने त्याचं काय केलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी विचारलं, "आणि ती दळायला येणारी बाई?"

शिवकांताबाईंनी वाकळेतून हात काढून नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हीच ती," म्हणाल्या, आणि हसल्या. हसताना त्यांना खोकला आला.

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला, त्याने पीठ आणखी पसरलं. "कुनाला बोलू नका, वैनी."

"झरीच्या वाटेवरून जातं आणलं तेव्हापासून?"

"आई म्हनायची, काम लय हाय, हिच्या एकटीच्यानं व्हत न्हाई, दुसरी आन." ते खाली पाहत जात्याभोवतीचं पीठ बोटांनी गोळा करत होते. "म्हनत व्हती ते खरंच व्हतं. सगळ्या घरानं हिच्या एकटीवर भिस्त ठिवली व्हती. मी बी. वाटंनं जाता जाता इचार केला, दुसरी कशाला पायजे? मी रिकामाच हाय की."

मी वाटी मागितली, पूड गुळात कालवली आणि शिवकांताबाईंना उठवून बसवलं. अप्पांनी आधी त्यातला कण स्वतःच्या जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "कडू हाय. खरंच हाय." मग वाटी तिच्या ओठांना लावली.

शीशी रिकामी होईपर्यंत दिवसातून दोनदा मी त्या घरात गेले. परसदाराने गेले, आणि दारात आधी खोकले.

अप्पांनी त्यानंतर आपलं सामान एका दुकानातून घ्यायला सुरुवात केली असं वाचकांना वाटलं असेल, तर ते अप्पांना ओळखत नाहीत. त्यांनी तिन्ही दुकानांत जाऊन तिघांनाही वेगवेगळं सांगितलं, की आजपासून मी तुमचंच कायमचं गिऱ्हाईक. तिघांनी संध्याकाळी एकमेकांना भेटून हे ताडून पाहिलं. मोहनशेठ बाजारात पुन्हा जुना प्रश्न विचारायला लागले, अप्पा पुन्हा बारदान झटकायला लागले. झरीची गोष्ट गल्लीत चालूच राहिली. माहेरी मला ती सांगायचा आग्रह झाला तेव्हा मी म्हटलं, जुनी झाली ती, आणि आमटी वाढायला घेतली.

पण हे पुढचं. त्या आजारपणात मी रोज पहाटे भिंतीकडे कान देऊन उठत होते. एकच जातं. दुसऱ्या दिवशी एकच. ताप उतरला, पेज पोटात राहायला लागली, तरी एकच. मग एका पहाटे आधी एक जातं सुरू झालं, ते जरा चाललं, थांबलं. कुणीतरी काहीतरी म्हणालं. मग दुसरं लागलं. अडखळत, मध्ये दम घेत, पण लागलं. थोड्या वेळाने दोन्ही आवाज एका चालीवर आले.

मी अंथरुणात पडून ऐकलं. शेजारी आमचे हे गाढ झोपले होते. सुपात ज्वारी काढून ठेवलेली होती. मी उठले, पदर खोचला आणि आमच्या जात्याशी जाऊन बसले.